माझ्या मयताचं पिठलं

मी वारलो तेव्हा आमच्या घरात बुंदी पाडणं चालू होतं.

उसाचा हंगाम भरात होता, इंदापुरात सकाळी शेजारचं घर दिसणार नाही असं धुकं पडत होतं, आणि रविवारी आमच्या अश्विनीचा साखरपुडा होता. अश्विनी आमची एकुलती एक. आजवर आलेली सगळी स्थळं तिनं अशा काही नजरेनं परतवली होती की मध्यस्थ मंडळी आमची गल्ली टाळून जायला लागली होती. माळेगाव बुद्रुकच्या दत्तूरावांच्या मुलाला मात्र तिनं 'हो' म्हटलं. म्हटलं म्हणजे, मान वर करून, हसून म्हटलं! आणि लगेच मला बाजूला घेऊन सांगितलं, "पप्पा, साखरपुडा होईपर्यंत तुम्ही काही करू नका. प्लीज. नुसते बसा."

मी नुसता बसलोही असतो. पण त्याआधीच मी मरून बसलो होतो.

झालं होतं असं. दिवाळीनंतर मुंबईची एक मंडळी आमच्या तालुक्यात शूटिंगला आली. मोबाइलवर दिसते तसली हिंदी मालिका. एका खऱ्या दहशतवादी हल्ल्यावर बेतलेली. शिव्या, धूर, पोलीस, रक्त, सगळं अगदी खरं वाटलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. माझं इंदापुरात भांड्यांचं दुकान आहे. सेटवरच्या चहाच्या टपरीसाठी जुन्या किटल्या घ्यायला त्यांच्यातली एक पोरगी आली. किटल्यांकडं तिनं बघितलंच नाही. माझ्याकडंच टक लावून बघत राहिली.

"सर, आप ऐक्टिंग करेंगे?"

मी पोट आत घेतलं. (मनातल्या मनात इन्स्पेक्टरची टोपीही चढवली!)

"पुलिस का रोल?"

"नहीं सर. डेड."

"मरायचं कसं, ते शिकवणार ना तुम्ही?"

"मरना भी नहीं है सर. मर चुके हैं. सिर्फ फोटो. आपके फेस में ना, एक... हो चुका वाला फील है."

गल्ल्याशेजारी बसलेली आमची सुमन एरवी गिऱ्हाइकांच्या बोलण्यात पडत नाही. त्या दिवशी पडली. "हे मातर त्यांनी बरोब्बर वळखलं," म्हणाली.

वालचंदनगरच्या अलीकडं, बंद पडलेल्या गाळ्यांच्या एका रांगेत त्यांनी अख्खं परकं शहर उभं केलं होतं. शूटिंग बघायला आम्ही नवरा-बायको रिक्षानं गेलो. दुकानांवर दुसऱ्याच शहराच्या पाट्या. जळून काळी पडलेली रिक्षा. रस्ताभर चपला. जोड नव्हेत, एकेकच! बायकांच्या, पोरांच्या, एक लहानसा बूट. सगळं खोटं आहे हे ठाऊक होतं; शेजारीच सेटवरचा पोऱ्या नव्हे, चांगला दाढीवाला बाप्या त्यांवर राख शिंपडत होता. तरीही त्या चपलांवर पाय पडू नये म्हणून सुमन साडी वर धरून कडेकडेनं चालली.

आणि पुढं मी होतो. भिंतीवर. आडवा उभा मिळून आमच्या दिवाणाएवढा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'भ्याड हल्ल्यात प्राण गमावलेले', मग हार घातलेला माझा हसरा चेहरा, आणि अगदी तळाला 'कै. वसंतराव' असं बनावट नाव. मेकअपवाल्यांनी काय केलं होतं कोण जाणे, मी गालातल्या गालात अशी काही माया दाखवत होतो की मला माझ्याच जाण्याचं वाईट वाटलं.

एक नटी पांढरी साडी नेसून त्या फ्लेक्ससमोर उभी राहिली. माझ्या गालावरून हात फिरवला, आणि जी रडली! आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे हलत होते. मी सुमनच्या कानाशी लागलो.

"मी गेल्यावर तू रडशील असं?"

"तिला तुमच्याबरूबर ऱ्हावं लागलं न्हाय," सुमन म्हणाली, "म्हनून रडतीय."

निघताना मी त्या पोरीला विचारलं, की माझ्या जागी खरा कोण होता? ती कागदांत काहीतरी शोधत होती. मान वर न करता म्हणाली, "नाम बदल दिया है सर. स्टैंड पे बस का वेट कर रहा था. बस, इतना ही है."

परतीच्या वाटेवर रिक्षा स्टँडजवळून गेली, तेव्हा आम्ही दोघांनीही तिकडं बघितलं.

आता शूटिंग संपल्यावर मंडळींनी तो फ्लेक्स मुंबईला न्यावा की नाही? नाही नेला. आणि आमच्याकडं फ्लेक्स टाकून देणारा माणूस अजून जन्माला यायचाय! वाढदिवस असो, श्रद्धांजली असो, निवडणूक असो, कार्यक्रम उरकला की त्याचं खरं आयुष्य सुरू होतं. कडब्याच्या गंजीवर तोच, कांद्यावर तोच, गोठ्याच्या पडवीला तोच. आमच्या भागातल्या म्हशी कित्येक पुढाऱ्यांच्या सावलीत रवंथ करतात. तसा माझाही फ्लेक्स ज्यानं उचलायचा त्यानं उचलला. मी विसरूनही गेलो.

साखरपुड्याच्या आठवड्यात साडी घ्यायला आम्ही स्कूटरवरून बारामतीला निघालो. सकाळची वेळ, धुकं असं की स्कूटरचा दिवाही दहा पावलांवर विरघळत होता. दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस धुक्यात असला की तो ऊस वाटत नाही. कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मागून सुमननं माझा खांदा दाबला.

"अहो, गाडी हळू घ्या."

"हळूच आहे."

"अहो... त्यो बघा."

"कोण?"

"तुमी."

मी समोर बघितलं. धुक्यातून माझा चेहरा येत होता. म्हणजे येत नव्हता, जात होता. पण तोंड माझ्याकडं करून. दिवाणाएवढा. हार घातलेला. वाऱ्यानं गाल फुगायचे, मग आत जायचे, पुन्हा फुगायचे, जसा काही श्वास चालू आहे. मध्येच एका डोळ्यावर घडी पडली, आणि मी मला डोळा मारला!

माझा हात ब्रेककडं जायच्या ऐवजी हॉर्नवर गेला. तेवढ्यात ध्यानात आलं, की पुढं ट्रॅक्टर आहे. ऊसतोडीची टोळी संसार घेऊन तळ हलवत होती. ट्रॉलीत भांडी, बोचकी, कोंबड्यांची डालगी, आणि मागच्या फळीला वारा लागू नये म्हणून बांधलेला मी. वर घोंगडी पांघरून एक बाई लेकराला घेऊन बसली होती. माझ्या हॉर्ननं तिनं वळून बघितलं. मग खाली वाकून फ्लेक्सकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं.

"अहो ताई, तो मीच!" मी ओरडलो. (एवढं चुकीचं वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.)

बाईनं लेकराचं तोंड घोंगडीत लपवलं आणि किंकाळी फोडली. "आवं, पळवा! पळवा! त्यो आलाय मागनं!"

ट्रॅक्टर एवढा पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. कन्हेरीच्या आसपास कुठंतरी धुक्यानं तो गिळला. शेवटपर्यंत दिसत होते ते माझे डोळे.

"परत फिरा," सुमन म्हणाली.

"आणि साडी?"

"साडी घिऊ. पर अश्विनीला ह्यातलं काय बोलू नका. आन् तिकडं थोरल्या आईच्या कानावर तर आजाबात जाऊ देऊ नका."

थोरल्या आई म्हणजे मुलाची आजी, दत्तूरावांच्या मातोश्री. शकुनाच्या एवढ्या पक्क्या, की लेकाच्या साखरपुड्याला निघताना मांजर आडवं गेलं म्हणून त्यांनी वऱ्हाड माघारी फिरवलं होतं, आणि ती सोयरीक मोडली ती मोडलीच. आमच्या पोरीचं सगळं सुख त्या एका म्हातारीच्या मानेच्या होकारावर होतं. त्यांच्या कानावर काही जाणार नाही, अशी मी सुमनला खात्री दिली.

आता टोळीनं नवा तळ कुठं टाकावा? माळेगावला. कारखान्याच्या रस्त्याला लागून. कोपीच्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाला आडोसा कशाचा केला? माझा. फ्लेक्सच्या तळाचं बनावट नाव मातीत पुरलं, वरची श्रद्धांजली आणि माझा चेहरा रस्त्याकडं. आणि त्या रस्त्यानं सकाळच्या धुक्यात सायकलवरून कामाला कोण जातं? कारखान्यातले फिटर दत्तूराव!

तुम्ही म्हणाल, माणसानं एक फोन करावा. नाही! आमच्यात मयताची खात्री फोनवरून करत नाहीत. "व्हय हो, तुमी मेला का?" हे विचारायचं कसं? आणि बाई माणसाला "तुमचं कुंकू हाय ना जागेवर?" हे तर त्याहून वाईट. कळलं की निघायचं. शिवाय सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी शिजवून न्यायची. त्याला कडू घास म्हणतात. दत्तूरावांनी सगळं रीतीनं केलं. रीत मोडली असती तर बरं झालं असतं.

त्या दुपारी मी दुकानातून जेवायला निघालो. ऊन असून नसल्यासारखं, पिवळट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जीप उभी होती आणि माणसं रांगेनं आत चालली होती. पांढऱ्या टोप्या, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेल्या बायका. कुत्रीसुद्धा भुंकायची सोडून भिंतीला चिकटली होती.

गल्लीत कुणीतरी गेलं, एवढं मला कळलं. कोण, ते विचारत नाहीत. मी स्कूटर लावली, टोपी सारखी केली आणि रांगेच्या शेवटी लागलो. माझ्या पुढचे पाव्हणे अनोळखी होते. त्यांनी हळूच मागं झुकून विचारलं,

"माणूस कसा हुता वो?"

"चांगला होता," मी म्हणालो. (अशा वेळी हेच म्हणतात.)

"आजारी हुता का?"

"तसं काही कळलंच नाही बघा."

"कळनार कसं? हल्ल्यात गेला म्हनं. भ्याड हल्ल्यात."

"इंदापुरात?"

"बाहीर कुठंतरी. पोरगीचा साखरपुडा तोंडावर आन् ह्यो गेला. नशीब पोरीचं."

मी हळहळलो. अगदी मनापासून! बिचारी पोरगी, म्हटलं. आणि तेवढ्यात रांगेचं तोंड वळलं. वळलं ते आमच्या फाटकात.

त्या क्षणाचं मी विनोदानं लिहू शकत नाही. मयत बाप्या आहे, हे ऐकलेलंही मी विसरलो. पुढचं काही ऐकू येईना. डोक्यात दोनच नावं होती, सुमन आणि अश्विनी. सकाळी निघताना मी दोघींपैकी कुणाशी शेवटचं काय बोललो ते आठवायला लागलो. आठवेना. फाटकाची कडी माझीच, कडीला बांधलेला दोरा माझाच, आणि आत पाय टाकायचा धीर माझ्याजवळ नव्हता.

मग आतून हेल निघाला.

"विलासराऽव! कुठं गेलासा वो आमाला सोडूऽन!"

आणि मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू! देवा, मीच मेलो होतो!

"अहो, मी इथं आहे!" मी आनंदानं ओरडलो.

पुढचे पाव्हणे वळले. त्यांनी मला बघितलं, आणि एवढा वेळ आपण कुणाशी बोलत होतो हे त्यांच्या ध्यानात आलं. ते आवाज न करता खाली बसले. रांग दुभंगली. बायका भिंतीला, पुरुष बायकांच्या मागं. अंगणात फक्त थोरल्या आई उभ्या राहिल्या, काठी टेकून, डोळे बारीक करून.

"फुडं येऊ नगंस," त्या म्हणाल्या. "चपला काढ."

मी चपला काढल्या.

"पाय दाव."

मी पाय दाखवले. उजवा, मग डावा. वाकून, काठीनं टाच ठोकून त्यांनी माझी बोटं पुढंच आहेत याची खात्री करून घेतली. (आपल्या होणाऱ्या व्याह्यांना कुणी इतकं बारकाईनं पारखलं नसेल.)

"सरळ हायती," त्यांनी जाहीर केलं. "जित्ता हाय."

तेवढ्यात मागच्या बाजूला कढईच्या आवाजात काहीच न ऐकलेली सुमन दार उघडून बाहेर आली. हातात झारा, कोपरापर्यंत बुंदीचं पीठ, अंगावर नवी साडी, कारण ब्लाउज बरोबर बसतोय का ते बघायचं होतं. तिच्यामागं गाणं गुणगुणत अश्विनी. दत्तूरावांच्या मंडळींनी तो सोहळा डोळे विस्फारून बघितला. नवरा हल्ल्यात गेलेला, आणि घरात तळणाचा वास!

मग माझा कबुलीजबाब झाला. मालिका, फ्लेक्स, नटी, ट्रॉली. दत्तूराव मटकन ओट्यावर बसले.

"आवं पाव्हणं, मला सांगायचं तरी! मी रडलो की वो कोपीम्होरं सायकल धरून! त्या टोळीच्या लोकांनी मला पाणी पाजलं!"

सगळे हसायला लागणार, एवढ्यात सुमनची नजर विहीणबाईंच्या हातातल्या टोपलीवर गेली. वर पांढरं फडकं होतं. ती दारात आडवी झाली.

"त्ये आत आनू नका! कडू घास हाय त्यो! माझं कुंकू जागेवर हाय!"

"आगं पर माघारी कशी नेऊ?" विहीणबाईंना रडू फुटलं. "मयताचा घास घिऊन आमच्या उंबऱ्याच्या आत जाऊ? पोराचा साखरपुडा हाय परवा!"

"मग गायीला घाला," मी सुचवलं.

"गाय मरंल!" दोघी एकदम म्हणाल्या. (विहिणींचं पहिलं एकमत.)

टोपली अंगणाच्या मधोमध ठेवली गेली. तिच्याभोवती सगळे लांब उभे राहिले, जशी काही तिच्यात सुतळी बॉम्बची वात जळत होती. वारा पडला होता. फडक्याचं एक टोक तरीही हललं, आणि सगळे एक पाऊल मागं सरकले. अश्विनी माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. 'नुसते बसा म्हटलं होतं ना' एवढंच त्या नजरेत होतं, आणि त्यापेक्षा ती रडली असती तर बरं. मी थोरल्या आईंकडं बघितलं. त्या टोपलीकडं बघत होत्या. यांनी आता काठी उचलली आणि 'चला रं' म्हटलं, की संपलं.

"घास शिजला म्हंजी कुणाच्या तरी नावानं शिजला," त्या सावकाश म्हणाल्या. "त्वांड तुजं हुतं. नाव कुणाचं हुतं त्या कापडावर?"

"वसंतराव. पण तेही खोटं आहे. खरं नाव बदललंय."

"मंजी खरा कुणी हुता?"

"होता."

"कोन?"

"एवढंच सांगितलं मला. स्टँडवर बसची वाट बघत उभा होता."

थोरल्या आईंनी काठी दोन्ही हातांनी धरली. गल्लीतून एक सायकल गेली, तिची घंटीसुद्धा मोठी वाटली.

"बसची वाट बघत," त्या म्हणाल्या. "तेवढ्या मोठ्या शेरात त्येच्या घरी कुणी नेला आसंल का रं घास?"

मी दत्तूरावांकडं बघितलं, दत्तूरावांनी टोपलीकडं.

"तर मग ह्यो त्येचा. आत बी न्यायाचा न्हाय आन् माघारी बी न्यायाचा न्हाय. हितंच बसा समदी. त्येच्या नावानं खावा."

आम्ही अंगणात बसलो. माळेगावची माणसं, आमची माणसं, पुढचे पाव्हणे (अजूनही माझ्यापासून जरा लांबच). थोरल्या आईंनी पहिला घास बाजूला काढून ठेवला आणि हात जोडले. नाव माहीत नव्हतं, म्हणून "बाबा रं" एवढंच म्हणाल्या. त्या सेटवरच्या एकेकट्या चपला मला तेव्हा आठवल्या. मी हात आखडला.

"खा," थोरल्या आई माझ्यावर खेकसल्या. "त्येच्या जागी ऐटीत त्वांड लावलंस न्हवं? मग खा."

मी खाल्लं. पिठलं फारच फर्मास झालं होतं हो! मी दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा सुमननं जे बघितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दत्तूराव दुसऱ्या दिवशी फ्लेक्स सोडवायला कोपीवर गेले, पण त्या बाईनं दिला नाही. "थंडी लई हाय. ह्यो बाबा वारा आडवतोय," म्हणाली. शेवटी उलटा बांधायचा ठरला. आता माझा चेहरा आतल्या बाजूला आहे, आणि टोळीतली पोरं रात्री कुरकुर न करता डोळे घट्ट मिटून झोपतात, असा निरोप आला.

रविवारी साखरपुडा झाला. थोरल्या आईंनी स्वतः अश्विनीची ओटी भरली. मी ठरल्याप्रमाणं नुसता बसलो होतो. तेवढ्यात दत्तूरावांच्या खात्याचे साहेब आले. त्यांना बघून दत्तूरावांचा चेहरा पडला, आणि ते धावत माझ्याजवळ आले.

"पाव्हणं, घोळ झालाय. त्या दिवशी मी व्याही वारले म्हनून रजा टाकली हुती. मरनाऱ्याची इच्छा हुती, म्हनून साखरपुडा उरकून घेतोय, आसं सांगितलंय. आता तुमी आज तेवढं मरून ऱ्हावा. पोरीचे धाकटे चुलते व्हा."

पोरीसाठी बाप काय करत नाही! मी चुलता झालो.

साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "फार वाईट झालं. कारखान्याला जाता-येता बघायचो मी त्यांना, त्या कोपीवर." मग ते थांबले, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "तुमच्यात थोडासा भास आहे हो त्यांचा. पण राग मानू नका, दिसायला ते फारच बरे होते."

मी काय बोलणार? मान खाली घातली आणि म्हणालो, "हो साहेब. आमच्या थोरल्याची गोष्टच वेगळी होती."